गच्चीवरची इंटरनेटची पेटी मृगाआधी हलवण्याबाबत

दि. १२ मे

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
कळंबा रोड, कोल्हापूर

स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी वळीव कोसळला त्या संध्याकाळी बी विंगमधल्या आठ घरांचं इंटरनेट एकदमच गेलं. ग्रुपवर रात्रभर एकच सल्ला फिरत होता, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. मीही तीन महिने तेच करत आले आहे. पण दोष आपापल्या घरात शोधत बसलो तर तो सापडणार नाही, अशी आता माझी खात्री झाली आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. सासू-सासरे इथे, मुलाची शाळा इथे. कोल्हापूर न सोडता माझी नोकरी टिकली ती या एका वायरीच्या जोरावर. मार्चपासून मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला. नवा राउटर आणला, फरक शून्य. मग टीव्हीच्या कपाटात कोंबलेला राउटर काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला. शेजारपाजारचे सगळे राउटर वायफायच्या एकाच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, दाटी करून होते, म्हणून माझा ११ वर नेला. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. आतल्या खोलीत वायफाय नीट पोचू लागला. तेवढा दोष माझ्या घरातलाच होता, हे मान्य. पण आवाज तुटायचा काही थांबला नाही.

मग वायफाय बाजूलाच ठेवला आणि लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पिंग करून पाहिलं, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते तपासलं. राउटरकडून उत्तर एका मिलिसेकंदात, एकही न चुकता. राउटरच्या पुढे गेलं की शंभरातली दहा-पंधरा उत्तरं यायचीच नाहीत. शेवटी डक्टमधून येणारी केबल थेट लॅपटॉपला लावली, तर जोडणी १००० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) ऐवजी १०० ची दिसली. प्लॅन २०० चा, आणि हाती ९४ च्या वर कधीच काही आलं नाही.

हा ९४ चा आकडाच सगळं सांगतो. या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनची एक अशा चार जोड्या. १००० च्या जोडणीला चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी गेली की बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर येतात, त्याला दोन जोड्या पुरतात. इंटरनेट 'चालू' दिसतं, दिवे लुकलुकतात, म्हणून तक्रार ऐकणाऱ्यालाही खरं वाटत नाही.

त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी आपल्याकडून किल्ली घेऊन केबलवाल्या मुलाबरोबर गच्चीवर गेले. पेटी पाण्याच्या टाकीजवळच्या उघड्या भिंतीवर आहे, झाकणाची एक बिजागरी तुटलेली. केबली वरून सरळ पेटीत उतरतात, त्यामुळे पावसाचं पाणी केबलीवरूनच ओघळत आत येतं. माझ्या केबलीचा प्लग त्याने काढून हातात दिला. पितळी रंगाच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि तपकिरी तार नुसती बोट लावताच सुटून आली. शेजारच्या पाच प्लगांची तीच गत. त्याने बिचाऱ्याने माझा प्लग तिथल्या तिथे नवा ठोकून दिला. खाली येऊन पाहते तर जोडणी १००० वर, वेग १९० च्या आसपास! गुरुवारच्या पावसाने ते सुखही गेलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. डक्टमध्ये याच केबली लिफ्टच्या विजेच्या केबलीबरोबर एका पाइपातून उतरतात. हे धोक्याचं आहे. गेल्या वर्षी वीज कडाडली त्या रात्री दोन घरांच्या राउटरचे पोर्ट जळाले होते, हे आपल्याला आठवत असेल. गच्चीपासून घरापर्यंत तांब्याची तार आली की असा झटका तिच्यावाटे घरात पोचतो. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज वाहत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की मृग निघायच्या आत पेटी जिन्याच्या छताखाली घ्यावी, केबली तिच्यात खालच्या बाजूने शिराव्यात आणि शिरण्याआधी प्रत्येकीला थोडा झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. सगळे प्लग नवे बसवावेत आणि नेटच्या केबलींना वेगळा पाइप घालावा. पेटीला कुलूप हवंच. एप्रिलमध्ये कुणीतरी आपला राउटर चुकीच्या पोर्टने पेटीतल्या स्विचला (सगळ्या घरांच्या केबली जोडणाऱ्या उपकरणाला) जोडला, आणि तो राउटर साऱ्या विंगच्या उपकरणांना स्वतःच नेटचे (चुकीचे) पत्ते वाटत सुटला. दिवसभर कुणाचंच नेट धड चाललं नाही. त्या घराला दोष देत नाही, पेटी उघडीच होती. घराघरांत फायबर नेण्याचा विषय खर्चाचा आहे, तो वार्षिक सभेत घ्यावा.

पेटी हलवण्याचा आणि प्लगांचा खर्च आठ घरांनी वाटून घ्यायला आम्ही पाच घरं आजच तयार आहोत, सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. उरलेल्या तीन घरांशी मी रविवारी बोलते. आपण फक्त गच्चीवर काम करायची लेखी परवानगी द्यावी.

आपली विश्वासू,
रहिवासी, फ्लॅट क्र. ३०४, बी विंग