एका आयजीएमवर गर्भाचा निर्णय नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गरोदरपणात 'टॉर्च' तपासणी, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, सर्रास लिहून दिली जाते. अहवालात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) किंवा रुबेलाच्या (जर्मन गोवर) आयजीएमपुढे, म्हणजे संसर्गानंतर शरीरात आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपुढे (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांपुढे), 'पॉझिटिव्ह' दिसले की गर्भ ठेवायचा की नाही, इथपर्यंत बोलणी जातात. हे साफ चुकीचे आहे.

सीएमव्हीचे आयजीएम संसर्गानंतर कित्येक महिने रक्तात राहू शकते, जुना विषाणू पुन्हा डोके वर काढतो तेव्हाही दिसते आणि भलत्याच विषाणूमुळे खोटेही येते. म्हणून त्याच नमुन्यावर आयजीजी (नंतर तयार होऊन टिकून राहणारी प्रतिपिंडे) आणि त्याची अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड, तपासावी. ताज्या संसर्गात ती सैल असते, काही महिन्यांत घट्ट होते. पहिल्या 12 आठवड्यांतल्या रक्तात ती घट्ट निघाली, तर संसर्ग बहुधा गर्भधारणेपूर्वीचा. विसाव्या आठवड्यातल्या रक्तावरून असे म्हणता येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा नमुना प्रयोगशाळेला जपून ठेवायला सांगावे.

पकड सैल निघाली तरी आईला झाले म्हणजे बाळाला झालेच, असे नाही. सीएमव्हीच्या पहिल्या संसर्गात साधारण 30 ते 40 टक्के गर्भांना लागण होते आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मतः काही लक्षणे नसतात. खात्री गर्भजलाच्या पीसीआरने, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने, होते. तीही 17 आठवड्यांनंतर आणि आईच्या संसर्गाला किमान 8 आठवडे उलटल्यावर. विषाणू गर्भाच्या मूत्रपिंडात वाढून लघवीवाटे गर्भजलात उतरायला वेळ लागतो. घाई केली तर 'निगेटिव्ह' अहवाल फसवा ठरतो. जन्मानंतर बाळाची लघवी किंवा लाळ 21 दिवसांच्या आत तपासावी. पुढे लागण पोटात झाली की बाहेर, हे कळत नाही. लागण झालेल्या बाळाची श्रवणचाचणी पुन्हा पुन्हा करावी, कारण ऐकू येणे नंतरही कमी होऊ शकते.

सीएमव्हीवर लस नाही. घरात लहान मूल असेल तर लंगोट बदलल्यावर, लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याचा उष्टा चमचा तोंडात घालू नये. रुबेलाची लस मात्र आहे. ती गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी घ्यावी, गरोदरपणात नाही.

आणि गंमत पाहा, नेहमीच्या 'टॉर्च'मध्ये हेपॅटायटिस बी नसते! ती तपासणी प्रत्येक गरोदरपणात हवी. आई बाधित असेल तर बाळाला 12 तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आणि लसीचा पहिला डोस द्यायचा असतो. ही तयारी प्रसूतीच्या आधीच व्हायला हवी.

आपला,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाचक