विंगर मानवेल का, ते राइट बॅकला विचारा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

युरोपातल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम सुरू झाला की आपलं क्रीडा पान मी जरा जास्तच बारकाईने वाचतो. खडकी-दापोडीकडच्या मुलांना मी गेली एकोणीस वर्षं फुटबॉल शिकवतो आहे. सकाळी मैदानावर जाताना अंक बरोबर असतो. बुटांच्या पिशवीवर तो उघडला की दहा-पंधरा डोकी त्यावर वाकतात. कोण कुठे गेला, किती कोटींना गेला, हे त्यांना मोबाइलवर माझ्या आधी कळलेलं असतं. तरी छापलेलं नाव बघण्याची त्यांची घाई काही कमी होत नाही. ती मुलं हे पान इतक्या विश्वासाने वाचतात, म्हणून हे पत्र.

एखाद्या क्लबने परदेशी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू, घेतला की बातमीत किंमत येते, वय येतं, गेल्या मोसमातले गोल येतात. तो नव्या क्लबला मानवेल का, हा प्रश्न मात्र ‘वेग आहे, ड्रिबलिंग उत्तम आहे’ एवढ्यावर निकालात निघतो. माझं म्हणणं असं, की विंगर एकटा जोखताच येत नाही. गोलकीपर बराचसा येतो, स्ट्रायकर थोडाफार येतो, विंगर नाही. त्याच्या मागून कोण धावत येणार, त्याने आत बॉल टाकला तर बॉक्समध्ये कोण असणार, नवा संघ त्याला पळायला मोकळी जागा देणार की दहा जणांच्या भिंतीसमोर नेऊन उभा करणार, हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलणं म्हणजे नुसता अंदाज.

ब्राझीलच्या विंगर अँटनीचंच बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने नेदरलँड्सच्या आयाक्सला त्याच्यासाठी सुमारे साडेनऊ कोटी युरो मोजले. सगळ्यांना वाटलं, जमणारच. कोच आयाक्समधलाच, एरिक टेन हाग. बाजू तीच, उजवी. प्रीमियर लीगच्या पहिल्या तिन्ही सामन्यांत त्याने गोलही केले. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ९६ सामन्यांत १२ गोल, आणि जानेवारी २०२५ मध्ये उसनवारीवर स्पेनमधल्या बेटिसकडे रवानगी. तिथे अर्ध्या मोसमात त्याने नऊ गोल केले, बेटिस कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी त्याला कायमचा घेतला. पाय तेच, माणूस तोच. इंग्लंडमधल्या खेळाचा वेग, अंगावर येणारे बचावपटू, एवढ्या किमतीचं ओझं, ही कारणं मी नाकारत नाही. पण आयाक्समध्ये त्याच्या मागे राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, नुसेर मझरावी होता. हा बॅक कधी बाहेरून वर जायचा, कधी आतून, आणि अँटनीसमोरच्या बचावपटूला दोघांपैकी एकालाच धरता यायचं. मँचेस्टरमध्ये अँटनी आला तेव्हा तशी साथ नव्हती. तो डाव्या पायावर आत वळणार हे ठरलेलं, बाहेरून कोणाची भीती नाही, मग दोन जण आतली वाट अडवून उभे. युनायटेडने मझरावीला घेतलं ते २०२४ मध्ये. तोवर अँटनी बाकावर गेला होता.

आता कोणी म्हणेल, चांगला खेळाडू असेल तर अडवणारे कितीही असोत. मग आर्यन रॉबेन आठवा. बायर्न म्युनिकसाठी तो दहा वर्षं उजवीकडून बॉल घेऊन डाव्या पायावर आत वळत राहिला. जगातल्या प्रत्येक बचावपटूला ते पाठ होतं. तरी तो थांबला नाही, कारण २०१३ च्या त्या मोठ्या वर्षात त्याच्या मागे फिलिप लाम होता. लाम बाहेरून निघाला की समोरच्याला क्षणभर मान वळवावी लागायची, आणि रॉबेनला तेवढा क्षण पुरायचा. वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध ८९ व्या मिनिटाला त्याने चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. त्या रात्रीच्या आठवणीत सगळे रॉबेनचं नाव घेतात. मला लामची धाव आधी आठवते.

गोलांच्या आकड्यांबद्दलही एक सांगायला हवं. २०१९ मध्ये लंडनच्या आर्सेनलने विंगर निकोला पेपेसाठी ७.२ कोटी पौंड मोजले, क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी रक्कम. आधीच्या मोसमात त्याने फ्रान्सच्या लील क्लबसाठी लीगमध्ये २२ गोल केले होते. ऐकायला केवढे वाटतात! त्यातले नऊ पेनल्टीवरचे होते. शिवाय लील मागे थांबून झपाट्याने प्रतिहल्ला करणारा संघ, त्यामुळे पेपेसमोर अर्धं मैदान मोकळं असायचं. आर्सेनलसमोर प्रतिस्पर्धी आपल्या बॉक्सपुढे गर्दी करून बसायचे आणि पेनल्टी मारायला ऑबामेयांग होता. म्हणजे त्याच्या आकड्यातला मोठा भाग लंडनच्या विमानात चढलाच नव्हता. हे कळायला कोणती गुप्त माहिती लागत नव्हती, गोल कसे झाले हे कोणी नीट बघायला हवं होतं.

मी हे दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि ती एका मुलाला सोसावी लागली.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरचा एक मुलगा शिकायला पुण्यात आला आणि आमच्याकडे खेळू लागला. डाव्या पायाचा, उजव्या बाजूला खेळणारा. शाहू स्टेडियमच्या गर्दीत तयार झालेला, त्यामुळे अंगात भीती नाही. तिकडच्या एका स्पर्धेतला त्याचा खेळ मी मोबाइलवर बघितला होता आणि तेवढ्यावर आनंदाने त्याला घेतला. जिल्हा लीगचे सामने एसएसपीएमएसच्या मैदानावर होते. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्याकडून एक गोल नाही, धड एक क्रॉस नाही. बॉल आला की तो लाइनवर थांबायचा, मागे वळून बघायचा, मग नाइलाजाने गर्दीत घुसायचा आणि बॉल घालवून बसायचा. सहाव्या सामन्याला मी त्याला बाहेर बसवलं. वर सगळ्यांसमोर म्हणालो, ‘मोबाइलवर बरा दिसत होतास.’ तो काही बोलला नाही. खाली बसून बूट काढत होता. त्याच्या उजव्या बुटाची टाच चुन्याने पांढरी झाली होती. एवढा वेळ तो लाइनवर उभा राहून कोणाची तरी वाट बघत होता, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

परतताना आमचा राइट बॅक माझ्या गाडीवर मागे बसला होता. हॅरिस पुलावर सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, ‘सर, तो थांबतो कारण मागून मी जात नाही. तुम्हीच सांगितलंय ना, बॅकने अर्धी लाइन ओलांडायची नाही म्हणून.’

खरं होतं. आदल्या वर्षी आमच्यावर फार गोल झाले होते आणि त्या धास्तीने मीच दोन्ही बॅकना मागे बांधून ठेवलं होतं. पुढच्या सरावाला मी डावा बॅक मागे ठेवला, उजव्याला मोकळं सोडलं आणि मधल्या फळीतल्या एकाला त्याची जागा राखायला सांगितलं. त्या मोसमात कोल्हापूरच्या मुलाने चार गोल केले आणि त्याहून जास्त करून दिले. मोसम संपल्यावर मी त्याची माफी मागितली, त्याच सगळ्यांसमोर.

पुण्याबद्दलही थोडं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) एफसी पुणे सिटी उभी राहिली तेव्हा बालेवाडीला पहिल्या सामन्यापासून मी जात होतो. पहिल्या वर्षी डेव्हिड ट्रेझेगे आला, पुढच्या वर्षी अड्रियन मुटू. तिसऱ्या वर्षी एडुर गुडजॉनसेनला घेतलं, तो मोसमाआधीच जखमी झाला. नावं अशी की उर भरून यावा, पण पहिली तीन वर्षं आपण उपांत्य फेरीच्या जवळही गेलो नाही. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आला आणि एमिलियानो अल्फारो आला. मार्सेलिन्यो काही लाइन धरून बसणारा विंगर नव्हे, डावीकडून, मधून, जिथे मोकळं दिसेल तिथे जाणारा. दोघेही आदल्या वर्षी याच लीगमध्ये खेळलेले होते, एक दिल्लीकडून, दुसरा नॉर्थईस्टकडून. इथला उकाडा, इथली मैदानं, इथले रेफरी, सगळं त्यांना माहीत होतं. मैदानात एक जागा सोडायचा, दुसरा तिथे शिरायचा. अल्फारोचे नऊ गोल, मार्सेलिन्योचे आठ. आपण पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलो, बंगळुरूविरुद्ध इथे गोलशून्य बरोबरी झाली आणि तिथे सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी घात केला. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याआधी पुण्याचेच आणखी दोन क्लब गेले, पुणे एफसी आणि एका मोसमात भारत एफसी. बालेवाडीवरून बस जाते तेव्हा आजही मी खिडकीतून बघतो.

पुण्यात पुन्हा मोठा क्लब उभा राहील अशी आशा मी सोडलेली नाही. तेव्हा पहिला मोह परदेशी विंगरचाच होईल, कारण तिकिटं त्याच्यावर विकली जातात. पण एक हिशेब विसरू नये. आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालत, २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार. चारांतली एक जागा विंगरला दिली म्हणजे सेंटर बॅक, मधली फळी किंवा स्ट्रायकर यांतल्या एका जागेवर पाणी सोडलं. आणि विंगर ही तर आपल्याकडे त्यातल्या त्यात बरी पिकणारी जागा. मिझोरामचा छांगटे आहे, मणिपूरचा बिपिन सिंग आहे. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तर आपल्या पुण्याच्या अकादमीत वाढला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारतासाठी खेळला. परदेशी विंगर या मुलांपेक्षा नुसता बरा असून भागणार नाही. तो इतका वरचढ हवा की दुसरीकडची उणीव भरून निघावी. शिवाय त्याच्या मागे धावणारा बॅक बहुतेक आपलाच विशीतला मुलगा असणार. त्या मुलाला वर जाऊन परत मागे येण्याचा दम आहे का, परदेशी खेळाडूची हाक त्याला कळेल का, हे आधी बघा आणि मग करारावर सही करा. तसा मुलगा नसेल तर त्या पैशात स्ट्रायकर आणा, माझी काही तक्रार नाही.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या वेळी विंगरची बातमी छापाल तेव्हा किमतीच्या शेजारी दोन ओळी वाढवा. गोलांपैकी पेनल्टीवरचे किती, आणि नव्या क्लबमध्ये त्याच्या मागे खेळणारा बॅक कोण. एवढं आपल्या क्रीडा प्रतिनिधींना सहज जमेल. तो अंक बुटांच्या पिशवीवर उघडला की मी मुलांना आधी त्या बॅकचं नाव शोधायला लावीन.

आपला,
खडकीचा एक वाचक, पुणे