‘फुल प्रेशर’ म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पुनर्विकासावरचा लेख वाचला. चित्रं झकास. तिसाव्या मजल्यावर बाग, बागेत झोपाळा, झोपाळ्यावर आजोबा. खाली चौकटीत: ‘२४ तास फुल प्रेशरने पाणी’. लिहिणाऱ्याने हे फुल प्रेशर कधी मोजलंय का?

१० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. चार मजली जुन्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा दाब तळमजल्याला जेमतेम सव्वा बार. ३ मीटरचा मजला धरला, तर ३० मजल्यांचे ९० मीटर, म्हणजे खाली ९ बार. घरातल्या नळाला २ ते ३ बार पुष्कळ झाले. उलट टाकीखालच्या दोन-तीन मजल्यांना करंगळीएवढी धार, तिथे वेगळा बूस्टर पंप लागतो. (आजोबा तिथेच आहेत.) खालच्यांसाठी दर आठ-दहा मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात, साइटवरच्या भाषेत पीआरव्ही.

गोम तिथेच आहे. नव्या पाइपांतून पहिले काही महिने वाळू, सिमेंटची खर, टेफ्लॉन टेपचे तुकडे येतात. व्हॉल्व्हआधीची गाळणी तुंबली तर पाणी कमी येतं, बोंब होते, निदान कळतं तरी. पण एखादा खडा व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते तिथे, अडकला, तर दिवसा काहीच कळत नाही. नळ चालू असतात, दाब मोजणारं गेज ३ बारच दाखवतं. रात्री दोनला सगळे नळ बंद. त्या फटीतून पाणी झिरपत राहतं आणि खालचा दाब हळूहळू व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूइतका चढतो. मग बेसिनखालची लवचिक नळी फुटते आणि शिव्या प्लंबरला.

म्हणून व्हॉल्व्ह दोन हवेत, समांतर, एक चालू, एक राखीव. दोघांनाही स्वतंत्र गाळणी, दोन्ही बाजूंना गेज आणि पाणी तोडायची सोय. पुढे दाब जास्त झाला की पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याचं पाणी डोळ्यांसमोर पडेल असं. ताबा घेताना गेज रात्री वाचा. अर्ध्या तासात काटा वर सरकला, तर व्हॉल्व्ह उघडून सीट साफ करायला लावा. आणि हे सगळं ज्यात बसतं त्या पाइपांच्या डक्टच्या दारावर फरशी चिकटवू नका, हात जोडून सांगतो.

लेखात ‘जगभर’ हा शब्द चारदा आलाय. मग अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत का नाही? ११ मजल्यांच्या ३३ इमारती. काटकसर म्हणून लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या मजल्यावरच थांबायची. देखभाल भाड्यातून व्हायची. भाडेकरू घटले, पैसा आटला, १९७२ मध्ये पाडकाम सुरू झालं. लिफ्ट आणि पंपांचा दरमहाचा खर्च कोण भरणार, एवढी एक ओळ झोपाळ्याखाली मावली असती.

जाता जाता: शेजारच्या पानावरची टॉवरची जाहिरात आणि हा लेख यांचे टाइप, रंग सगळे सारखे. लेखावर ‘जाहिरात’ छापायचं राहून तर गेलं नाही ना?

आपला,
एक जलव्यवस्था अभियंता