ट्रकच्या टायरला हवा भरायची ती पिंजऱ्यातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हवा भरताना टायर फुटून तरुणाचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येते आणि तिथेच संपते. कराडजवळ महामार्गावर आमचे ट्रकच्या टायरचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचे. अशी बातमी वाचली की माझ्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. रिंग कुठली घातली होती? पोरगा कुठे बसला होता? हातात हातोडा होता का? हे मृत्यू टाळता येतात आणि त्याला फार पैसाही लागत नाही, म्हणून लिहितो आहे.

डिस्क म्हणजे टायर ज्यावर चढवतात तो चाकाचा लोखंडी भाग. मोटारीची डिस्क अखंड असते. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या, १०.००-२० मापाच्या ट्यूबवाल्या टायरची डिस्क मात्र सुट्या भागांची असते. टायर डिस्कवर चढवायचा, वर साइड रिंग ठेवायची आणि शेवटी डिस्कच्या खाचेत लॉक रिंग बसवायची. लॉक रिंग एका जागी कापलेली असते, म्हणून ती फाकवून खाचेत उतरवता येते. तिला ना नट, ना बोल्ट. खाचेत नीट बसली असेल तर आतली हवाच तिला घट्ट दाबून धरते. पण खाचेत गंजाचे पोपडे असतील, रिंग वाकलेली असेल किंवा कोपऱ्यातल्या ढिगातून भलत्याच कंपनीची उचलून घातली असेल, तर ती नुसती बसल्यासारखी दिसते. सुरुवातीची हवा ती सहन करते. हवा वाढत गेली की कुठल्याही क्षणी सुटते. १२० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ साडेआठ किलोचा रेटा, आणि संपूर्ण रिंगेवर तो कित्येक टनांचा होतो. रिंग सुटली की समोरच्या माणसाला मान वळवायलाही वेळ मिळत नाही.

आता रस्त्याकडेच्या टपरीवर काय चालते ते पाहा. चाक आडवे टाकतात, हवेचा पाइप हाताने व्हॉल्व्हवर दाबून धरतात आणि पोरगा चाकावरच पाय देऊन उभा राहतो. रिंग एका बाजूने वर दिसली तर हवा चालू ठेवूनच तिच्यावर हातोडा मारतो. यापेक्षा घातक काम आमच्या धंद्यात दुसरे नाही. रिंग उचललेली दिसली की पहिल्यांदा सगळी हवा सोडायची, रिंग काढायची, खाच वायर ब्रशने घासायची आणि नव्याने बसवायची. हवा आत असताना हातोडा हातातसुद्धा घ्यायचा नाही. काही जण सावधगिरी म्हणून रिंगेची बाजू जमिनीकडे करतात किंवा चाकातून साखळी ओवतात. रिंग खाली असली तर सुटल्यावर अख्खे चाकच उडते, आणि साध्या साखळीचा तर काही भरवसा नाही.

यावर उपाय म्हणजे पिंजरा. जाड पोलादी पाइपांचा, चाक उभे आत सरकवता येईल एवढा. भिंतीला टेकवून न ठेवता मोकळ्या जागेत ठेवायचा. सोबत व्हॉल्व्हला आपणहून धरून राहणारा क्लिपचा चक, मधे हवेचा दाब दाखवणारे गेज आणि हवा सोडायची कळ असलेला लांब पाइप. माणूस चाकाच्या समोर न थांबता बाजूला, लांब उभा राहून हवा भरतो. सुरुवातीला २० पौंड भरून थांबायचे, रिंग चारी बाजूंनी बसली का ते बाहेरूनच बघायचे आणि मग पुढे जायचे. आमच्या दुकानातला पिंजरा इथल्याच फॅब्रिकेटरने बनवला. एका नव्या रेडियल टायरच्या किमतीत काम झाले.

अमेरिकेत सुट्या भागांच्या डिस्कसाठी असा पिंजरा १९८० पासून सक्तीचा आहे. १९८४ मध्ये अखंड डिस्कही त्या नियमात आली. टायरमध्ये जास्तीत जास्त जेवढी हवा भरायची, त्याच्या दीडपट दाबाचा स्फोट पिंजऱ्याने झेलला पाहिजे, असे त्या नियमात आहे.

अखंड डिस्कही नियमात का आली, हे आपल्याकडच्या नव्या गाडीवाल्यांनी समजून घ्यावे. अखंड डिस्कवरचा ट्यूबलेस रेडियल आला, रिंग गेली, आता भीती नाही, असे मालक मला सांगतात. पण या रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत पोलादी तारा असतात. हवा कमी असताना मालाने भरलेली गाडी तशीच रेटली की त्या तारा प्रत्येक फेऱ्याला वाकून वाकून आतल्या आत तुटतात. बाहेरून टायर ठाकठीक दिसतो. त्यात पुन्हा पूर्ण हवा भरायला घेतली की बाजूची भिंत चेन उघडावी तशी हातभर फाटते. नेमलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर, म्हणजे १२० पौंडांच्या टायरला ९६ किंवा त्याखाली, गाडी चाललेली असेल तर जागच्या जागी हवा भरूच नये. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी, मगच चाक उतरवावे आणि टायर आतून हात फिरवून तपासावा. मागच्या जोडचाकांच्या सुट्या भागांच्या डिस्क असतील तर नट सैल करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांची हवा सोडावी. ही शिस्त मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

टायर चढलेला असताना डिस्कला वेल्डिंग तर कधीच करू नये. हवा सोडलेली असली तरी आतले रबर तापून वायू सोडते आणि स्फोट होतो. तडा गेलेली डिस्क भंगारातच घालावी.

नटांबद्दलही दोन शब्द लिहितो. चाक बसवताना हबची, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाची, आणि डिस्कची टेकणारी बाजू पुसून स्वच्छ करायची, नट समोरासमोरचे आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासायचे. ड्रायव्हर हे तपासायला थांबत नाहीत. पान्याला लांब पाइप लावून वर उभे राहिले की काम पक्के झाले असे त्यांना वाटते. त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर आवळतो तो बोल्ट, ताणला जातो आणि पुढे तुटतो. नटाखालून डिस्कवर गंजाचे ओघळ उतरलेले दिसले तर तो नट सैल आहे असे समजावे. गाडी धुतली की ही खूण जाते, म्हणून आधी पाहावे.

समृद्धी महामार्गावर गाडी चढण्याआधी टायर घासलेले आहेत का ते तपासण्याची मोहीम झाली, ती चांगलीच गोष्ट. पण टायर बसवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. दोन-तीन माणसांच्या टपरीला कारखान्यांचे सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत. तिथे काम करणारी मुले कधी गावची, कधी केरळ किंवा उत्तर प्रदेशातून आलेली. शिकवणारा कोण, तर आधीचा मुलगा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, तरी घण उचलणारी कोवळी पोरे मी डोळ्यांनी पाहतो.

माझी मागणी परिवहन खात्याकडे आहे. ट्रकच्या टायरचे काम करणाऱ्या प्रत्येक दुकानाला पिंजरा आणि गेजचा लांब पाइप सक्तीचा करावा आणि वर्षातून एकदा पाहणी व्हावी. आयटीआयने या कामाचा छोटा वर्ग मराठीत आणि हिंदीत चालवावा. पेट्रोल पंपांनी आपल्या आवारात टायरवाल्याला जागा देताना हीच अट घालावी.

साखर कारखान्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. हंगामात रात्री दोन वाजता उसाची गाडी येते आणि ड्रायव्हर म्हणतो, “शेठ, पाच मिनिटांत करा, माझा नंबर जाईल.” नंबर जाण्याच्या धास्तीनेच खाच न घासता रिंग बसते. पंक्चर झालेल्या गाडीचा नंबर राखून ठेवायचा, एवढा निर्णय कारखान्याने घेतला आणि ऊस यार्डात एक पिंजरा उभा केला, तर येत्या गळीत हंगामातच फरक दिसेल. पिंजऱ्याची मापे मी कोणत्याही कारखान्याला विनामूल्य देईन, आणि त्यांच्या माणसांना दुकानात बसवून काम दाखवीन.

आपला,
एक टायर दुकानदार, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)