विषय: मॅग्नेटिक बोर्ड मागवला, त्याला मॅग्नेटच चिकटत नाही

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

फोनवर तुमची माणसं दरवेळी वेगळंच काहीतरी सांगतात म्हणून आता सगळं लेखी देतेय, जरा शेवटपर्यंत वाचा. ऑर्डर आमच्या प्रभादेवीच्या बालवाडीच्या नावावर आहे, 8 बाय 4 फुटाचा मॅग्नेटिक बोर्ड, भिंतीवर बसवून देण्यासकट. बिल आणि फोटो जोडलेत.

तुमचा सेल्सवाला माप घ्यायला आला तेव्हा त्याला वर्गात नेऊन दाखवलं होतं की बाबा ही बघ आमची अक्षरांची कार्डं, मागे रबर मॅग्नेटची पट्टी चिकटवलीय, पोरं स्वतः उचलून लावणार, क ला काना क ला वेलांटी असं जुळवून बघणार. त्याने कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं सुद्धा. आम्ही विचारलं साधा जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, चालेल ना, तर म्हणाला मॅडम समुद्र इथून हाकेवर, खारी हवा, जीआय गंजणार, तुम्ही स्टेनलेस स्टील घ्या, एसएस 304, प्रीमियम माल आहे, वरून पांढरं कोटिंग देतो, लाइफटाइम टेन्शन नाही. पैसे जास्त होते, तेही भरले. कोटेशनवर त्याच्याच अक्षरात लिहिलंय, "मॅग्नेटिक बोर्ड, एसएस 304". एका ओळीत. आता ही ओळ लिहिणाऱ्याला कळायला नको का की हे दोन शब्द एकत्र बसतच नाहीत?

बोर्ड लागला, दिसायला एकदम चकाचक. कार्ड लावलं, पडलं. दुसरं लावलं, तेही पडलं, पोरांना वाटलं बाई गंमत करतायत, सगळी हसायला लागली.

मग तुमचा टेक्निशियन आला. त्याने काय केलं तर बोर्डाच्या कडेला, जिथे पत्रा दुमडून फ्रेममध्ये घातलाय बरोब्बर तिथे खिशातला मॅग्नेट टेकवला, तो जरासा धरला, आणि "बघा चिकटतंय" म्हणून लगेच रिपोर्टवर सही मागायला लागला. मी तोच मॅग्नेट बोटभर आत सरकवला तर टपकन खाली. सही दिलेली नाही आणि देणारही नाही.

नंतर नागदेवी स्ट्रीटला पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली तर तो हसायलाच लागला. म्हणे आम्ही 304 चा माल आला की मॅग्नेट लावूनच चेक करतो, जोरात चिकटला तर समजायचं माल 304 नाही. 304 मध्ये क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास आणि निकेल साधारण 8 टक्के असतं, त्या निकेलमुळे स्टीलची आतली रचनाच अशी होते की लोहचुंबक ते ओढत नाही. पत्रा दुमडला की तेवढ्या घडीत ती रचना थोडी बदलते म्हणून तिथे किंचित ओढ येते. म्हणजे तुमच्या टेक्निशियनला मॅग्नेट कुठे टेकवायचा ते बरोबर माहीत होतं, फक्त सेल्सवाल्याला ऑर्डर घेताना माहीत नव्हतं. कमाल आहे!

तुमच्या ईमेलमध्ये उत्तर काय, तर "कस्टमरचे मॅग्नेट कमजोर आहेत, निओडिमियमचे वापरावेत." अहो पत्राच ओढत नाही तिथे मॅग्नेट कितीही ताकदीचा आणला तरी काय होणार? आणि वर्गात तीन-चार वर्षांची पोरं, हाताला लागेल ते तोंडात घालतात. निओडिमियमचे छोटे मॅग्नेट दोन गिळले गेले तर पोटात आतड्यांच्या आरपार एकमेकांना ओढून धरतात, भोक पडतं, थेट ऑपरेशन. हा सल्ला लेखी देण्याआधी कोणीतरी वाचला तरी होता का?

दुसरी ऑफर, 304 च्या वरूनच 28 गेजचा जीआय पत्रा चिकटवून देतो. नको. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो एवढं आता आम्हालाही कळलंय, 28 म्हणजे जेमतेम 0.4 मिलिमीटर. एवढ्या पातळ पत्र्यावर रबर मॅग्नेटची पकड ढिली पडते, त्यात कार्ड लॅमिनेट केलेलं, वजनदार, पंखा लावला की निम्मी अक्षरं जमिनीवर.

आणि एक, बोर्डाच्या मागे तुम्ही एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, लावलाय. आमची ती भिंत बाहेरच्या बाजूची आहे, पावसाळ्यात ओल धरते, हे माप घेताना सांगितलं होतं. खालची कड आत्ताच फुगायला लागलीय, फोटो नंबर तीन बघा.

आम्हाला हवंय ते असं. हा बोर्ड काढून न्या आणि त्याच पैशात किमान 24 गेजचा जीआय पत्रा पावडर कोटिंगसकट द्या, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं नीट सील करून, कारण गंज धरतो तो तिथूनच. मागे एमडीएफ नको, आयएस 710 या भारतीय मानकाचा वॉटरप्रूफ प्लाय हवा. स्टेनलेसच द्यायचं असेल तर 430 द्या, त्याला मॅग्नेट चिकटतो, आणि वर्गाच्या आत काम भागण्याइतकं ते टिकतं. सिरॅमिक स्टील, म्हणजे पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजलेलं, तेही चाललं असतं, मार्कर पण स्वच्छ पुसला जातो, पण तो पर्याय तुम्ही आमच्यासमोर ठेवलाच नाही. बसवायला याल तेव्हा आमचंच कार्ड बोर्डाच्या मधोमध लावून दाखवायचं, कडेला नाही, मगच सही मिळेल.

यातलं काही जमत नसेल तर फिटिंग चार्जसकट पूर्ण रिफंड करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात जाणार आहोत, तुमचं कोटेशन आणि तो निओडिमियमवाला ईमेल दोन्ही जपून ठेवलेत. आणि कृपया आता फोन करू नका, जे काय असेल ते ईमेलवरच.

आपली ग्राहक,
बालवाडी संचालिका, प्रभादेवी, मुंबई