बाई, तुमच्या त्या पेन्सिलीच्या घड्याळासाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

इथिओपियाहून आमची सगळी मंडळी सुखरूप परतली आणि एकही बस चुकली नाही. हे केवळ तुमच्यामुळे झालं. चार लोकांनाही ते कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

ज्या प्रवास कंपनीला आम्ही पैसे मोजले, तिच्या पुस्तिकेत सिंह होता, जिराफ होता, १९८४ च्या दुष्काळावर एक परिच्छेद होता. तिथल्या घड्याळाबद्दल अवाक्षर नव्हतं. दोनदा विचारलं तर उत्तर मिळालं, "तिकडे गेल्यावर कळेलच."

तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलंत आणि पेन्सिलीने एकात एक दोन वर्तुळं काढलीत. बाहेर आपले आकडे, आत त्यांचे. सकाळच्या ७ समोर १, दुपारच्या १२ समोर ६, संध्याकाळच्या ६ समोर १२. देश विषुववृत्ताजवळ, सूर्योदय वर्षभर फारसा पुढेमागे होत नाही, म्हणून दिवस उजाडल्यापासून मोजला तरी हिशेब बिघडत नाही. "आपल्या घटिकाही सूर्योदयापासूनच मोजायच्या ना?" एवढंच म्हणालात आणि गाठ सुटली. कोपऱ्यात लिहिलंत: विमान बाहेरच्या वर्तुळावर, बस आणि दुकान आतल्या. पहाटे ११ ची बस म्हणजे आपल्या ५ ची. आपले ११ समजून गेलं की सहा तासांनी चुकली. शंका आली तर विचारायचं, "हबेशा की फेरेंज?" हबेशा म्हणजे तिथलं घड्याळ, फेरेंज म्हणजे आपला फिरंगीच.

मग पान सुलट करून डिसेंबरखाली एक छोटा चौकोन काढलात: पागुमे, तेरावा महिना, ५ दिवसांचा, दर चौथ्या वर्षी ६. बाकीचे बारा महिने सरळ ३० दिवसांचे. नवं वर्ष ११ सप्टेंबरला, कधी १२ ला. साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे. त्यांचं २००० साल लागलं ते १२ सप्टेंबर २००७ रोजी. पावतीवर आठ वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर कुणी फसवलं असं समजू नका, हेही तुम्हीच बजावलंत.

माहिती असणारी माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याचं नेमकं कुठे अडणार आहे ते आधी ओळखून तिथेच बोट ठेवणारी फार थोडी, आणि त्याबद्दल काही न घेणारी त्याहून थोडी.

बाकी सगळंही तंतोतंत. अदिस अबाबा साधारण २,४०० मीटरवर, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ शिजायला वेळ. पहिल्या दिवशी जिने सावकाश चढायचे. त्याच देशात दानाकिलचा खोलगट भाग समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून खाली. मोठा पाऊस जून ते सप्टेंबर, आपल्यासारखाच, तेव्हा जायचं ते ऑक्टोबरनंतर. तिथे माणसाच्या नावापुढे आडनाव नसतं, वडिलांचं नाव असतं. अबिय अहमद यांना 'अहमद' म्हणून हाक मारली तर ती त्यांच्या वडिलांना.

शाकाहारी मंडळींची काळजीही मिटली. बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपास धरतात. मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्या दिवशी 'यत्सोम बेयाइनेतु' म्हटलं की मोठ्या इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाकरीवर, डाळी आणि भाज्यांचे ढीग येतात. शिरो म्हणजे आपल्या पिठल्याची बहीण, पण इतर दिवशी तुपाचं विचारून घ्यायचं. इंजेराचं पीठ टेफ नावाच्या बारीक धान्याचं, ते दोन-तीन दिवस आंबवतात, आंबोळीसारखं ओततात, झाकण ठेवतात, उलटत नाहीत. पीठ नीट आंबलं नाही किंवा तवा पुरेसा तापला नाही तर वर डोळे, म्हणजे छिद्रं, पडत नाहीत, आणि डोळ्यांवाचून इंजेरा रस्सा धरत नाही. घास भरवला तर नाही म्हणायचं नाही. त्याला गुर्शा म्हणतात.

लालिबेलाची ११ चर्चेस वरून खाली खडकात कोरलेली, आपल्या कैलास लेण्यासारखी. अडवा या गावाजवळ १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिकच्या फौजेने इटलीला हरवलं. हे कुठेही वाचायला मिळतं. पण हबशी हा शब्द आपण हेटाळणीने वापरतो आणि तिथल्या पठारावरचे लोक स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणवतात, हे तुम्ही सांगितलंत. मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. कैलास लेणं पाहायला वेरूळला जाणारे किती जण शेजारच्या खुलताबादला त्याच्या कबरीपाशी थांबतात?

त्या पानाची झेरॉक्स पुढच्या गटाला दिली आहे, दोन्ही बाजूंची. मूळ पान मात्र आमच्याकडेच राहू द्या.

तुमचा ऋणी,
तुमच्या त्या दुपारचा एक श्रोता