डबे तीन, पिशवी एकच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या सरकारी शाळांना रिसायकलिंगसाठी आणखी रंगीत डबे मिळणार, ही बातमी आपल्या दैनिकात वाचली. डबे जरूर द्यावेत. पण त्याआधी संबंधितांनी शाळा सुटल्यावर तासभर तिथे थांबून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी मुलगी चौथीत शिकते. गेल्या महिन्यात पालकसभा लांबली तेव्हा आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. सफाईच्या मावशी आल्या. त्यांनी निळा डबा उचलून मोठ्या काळ्या पिशवीत उपडा केला, मग हिरवा, मग पिवळा, आणि गाठ मारून पिशवी फाटकाकडे ओढत नेली. "आई, मग आम्ही वेगवेगळं कशाला टाकतो?" मुलीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ती वर्गातले कागद दप्तरात कोंबून घरी आणते.

यात मावशींना दोष देऊ नये. मी त्यांच्याशी बोलले. डबे आले तेव्हा मुलांना वर्गावर्गात माहिती दिली गेली, मावशींना मात्र कुणी बोलावलंच नाही. सुका कचरा साठवायला खोली नाही, आणि गाडी येते ती सगळं एकत्रच घेऊन जाते. वेगळं ठेवून त्यांनी करायचं काय?

या एका पिशवीत सर्वांत जास्त नुकसान होतं ते कागदाचं. काच किंवा अॅल्युमिनियमचा डबा खरकटा झाला तरी धुता येतो. कागदाला तेल लागलं, सरबत सांडलं की तो गेलाच. एरवी कागदाचे तंतू साधारण 5 ते 7 वेळा पुन्हा वापरता येतात, दर वेळी ते आखूड होत जातात एवढंच. आपण तो पहिल्याच फेरीत वाया घालवतो. म्हणून शाळेला एकच गोष्ट जमणार असेल, तर तिने कागद कोरडा ठेवावा. वर्गात फक्त कागदासाठी खोकं ठेवावं, खरकट्याचा डबा वर्गाबाहेर ठेवावा, आणि बाटलीत उरलेलं आधी बेसिनमध्ये ओतायची सवय लावावी. पाठकोरे कागद तर त्या खोक्यातही जायला नकोत. गणिताच्या कच्च्या कामाला ते उत्तम.

प्लास्टिकबाबत मुलांना चुकीचं शिकवलं जातं, हेही मला बोचतं. वस्तूच्या तळाशी त्रिकोण दिसला की ती रिसायकल होते, असं सांगतात. त्या त्रिकोणातला 1 ते 7 हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. 1988 मध्ये ही पद्धत प्लास्टिक उद्योगानेच सुरू केली. पुढे त्याचं काय होणार, हे कचरा जिथे जातो तिथल्या सोयींवर ठरतं. पेयांच्या खोक्यांत तर कागद, प्लास्टिक आणि बऱ्याचदा अॅल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती साध्या रद्दीत टाकून चालत नाहीत. तेव्हा डब्यावर गुळगुळीत चित्रं छापण्याऐवजी कचरा नेणाऱ्यांनाच विचारून, ते जे घेतात त्याचेच खरे नमुने झाकणावर चिकटवावेत. बारक्या मुलांनाही ते कळतं.

शिक्षण विभागाकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक शाळेला सुका कचरा नेण्याचा वार ठरवून द्यावा. कडीकुलपाची एक कोरडी जागा द्यावी. दर खेपेला किती किलो कागद गेला, ते शाळेला कळवावं, म्हणजे मुलांना तो आकडा फळ्यावर लिहिता येईल. आणि पुढच्या बैठकीला मावशींना बोलवावं, त्यांच्या कामाच्या वेळेत, त्या वेळेच्या पगारासह. नवे डबे त्यानंतर आले तरी चालतील.

आपली,
एक पालक